विश्लेषण : माजी सैनिकांना आत्महत्येपासून रोखणारी ऑनलाइन मदत खरंच उपयोगी पडते का? हे तपासतात तरी कसं?

२०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका हेल्पलाइनला ११९ फोन आले. पलीकडे बोलणारी माणसं संकटात नव्हती. ते सरकारी तपासनीस होते. आपली ओळख लपवून ते एकच गोष्ट मोजत होते. मनात आत्महत्येचे विचार घेऊन एखाद्या माजी सैनिकाने हा नंबर फिरवला, तर पलीकडून आवाज किती वेळात येतो?

आपल्याकडे जसं कॅग, तसं अमेरिकी संसदेसाठी काम करणारं 'गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस' आहे. ही गुप्त चाचणी त्यांची होती. ३० सेकंदांच्या आत उत्तर मिळालं ते ७३ टक्के फोनना. हेल्पलाइनचं स्वतःचं उद्दिष्ट होतं ९० टक्के. पण खरी धक्कादायक गोष्ट दुसरीच होती. तपासनीसांनी चाचणी म्हणून १४ टेक्स्ट मेसेजही पाठवले होते. त्यातल्या ४ मेसेजना उत्तरच आलं नाही.

ऑनलाइन मदतीची सगळ्यात साधी परीक्षा हीच आहे. हाक मारली तर ओ येते का? पण या परीक्षेत पास झालं म्हणजे काम झालं असंही नाही. उत्तर आलं, पण त्याने जीव वाचतो का? हे कसं कळणार? गेली अनेक वर्षं अमेरिकेतले संशोधक याचं उत्तर शोधत आहेत. त्यांना आतापर्यंत काय सापडलं, ते सविस्तर समजून घेऊया.

प्रश्न किती मोठा आहे?

अमेरिकेत सुमारे १ कोटी ८० लाख माजी सैनिक आहेत. त्यांच्यासाठी 'डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स' हे स्वतंत्र खातं आहे. सगळे त्याला 'व्हीए' म्हणतात. या खात्याची स्वतःची रुग्णालयं आहेत आणि ते दरवर्षी माजी सैनिकांच्या आत्महत्यांचा अहवाल प्रसिद्ध करतं.

त्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांचा आत्महत्येने मृत्यू झाला. म्हणजे दिवसाला सरासरी १७.६. 'रोज २२ माजी सैनिक' हा आकडा तुम्ही कदाचित ऐकला असेल. तो २०१२ च्या एका अहवालातला आहे आणि फक्त २१ राज्यांच्या माहितीवरून काढलेला होता. मोहिमांमधून तो इतका पसरला की अजूनही तोच सांगितला जातो. आकडा कमी असला तरी प्रश्न छोटा होत नाही. सैन्यात कधीच न गेलेल्या प्रौढांपेक्षा माजी सैनिकांमधलं आत्महत्येचं प्रमाण बरंच जास्त आहे. १८ ते ३४ या वयोगटात ते सर्वाधिक आहे.

यात ऑनलाइन मदतीच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट आहे. आत्महत्येने गेलेल्या माजी सैनिकांपैकी बहुसंख्य लोक शेवटच्या काळात व्हीएच्या दवाखान्यात आलेलेच नव्हते. कुणी गावापासून दूर राहतं, कुणाला रांगेत बसायचं नसतं, कुणाला 'मानसिक रुग्ण' हा शिक्का नको असतो. सैन्यात वर्षानुवर्षं 'सहन कर' हेच शिकलेल्या माणसाला 'मला मदत हवी' हे तीन शब्द जड जातात. जो दवाखान्यात येत नाही, त्याच्या खिशात फोन मात्र असतो. मग मदतच फोनमध्ये का नेऊ नये, हा यामागचा विचार.

ऑनलाइन मदत म्हणजे नेमकं काय?

याची सुरुवात फोनपासूनच झाली. जोशुआ ऑम्विग हा आयोवा राज्यातला राखीव दलाचा तरुण सैनिक इराकमधून परतला आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या नावाने अमेरिकेत २००७ मध्ये कायदा झाला. माजी सैनिकांसाठी २४ तास हेल्पलाइन हवी, ही त्यातली एक तरतूद. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅननडेग्वा इथे ही हेल्पलाइन सुरू झाली. २००९ मध्ये ऑनलाइन चॅट आलं, २०११ मध्ये टेक्स्ट मेसेज. आज ती 'व्हेटरन्स क्रायसिस लाइन' म्हणून ओळखली जाते. २०२२ पासून ९८८ फिरवून १ दाबलं की फोन तिथे जातो.

याशिवाय आणखी तीन प्रकार आहेत. पहिला, मोबाइल ॲप. दुसरा, ठरावीक काळाने येणारे आपुलकीचे मेसेज. आणि तिसरा, रुग्णांच्या नोंदी तपासून धोका कुणाला आहे ते आधीच ओळखणारा संगणकी हिशेब.

मग चाचणी घेणं इतकं अवघड का?

नव्या औषधाची चाचणी कशी घेतात, हे साधारण माहीत असतं. लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. मग फरक पाहायचा. आत्महत्या रोखणाऱ्या ॲपच्या बाबतीत इथेच पहिली अडचण येते, आणि ती गणिताची आहे.

माजी सैनिकांमध्ये वर्षाला एक लाखामागे साधारण ३५ आत्महत्या होतात. समजा २,००० माजी सैनिक घेतले. एक हजारांना ॲप दिलं, एक हजारांना नाही दिलं. वर्षभरात दोन्ही गटांत मिळून अपेक्षित मृत्यू किती? एकापेक्षाही कमी, ०.७. म्हणजे एकही मृत्यू न होण्याची शक्यता जवळपास निम्मी. मग ॲपने जीव वाचवला की नाही, हे कशावरून सांगणार?

आता गट मोठे करू. प्रत्येकी एक लाख. ॲप नसलेल्या गटात ३५ मृत्यू आणि असलेल्या गटात २८. ॲपने पाचवा हिस्सा मृत्यू टाळले असं वाटेल. पण इतक्या छोट्या संख्यांमध्ये ७ चा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आणि दोन लाख माणसांची चाचणी घेण्याइतका पैसा कोण देणार?

यावर संशोधकांनी दोन मार्ग काढले. एक, आधीच जास्त धोका असलेल्यांना चाचणीत घ्यायचं. उदाहरणार्थ, नुकतेच रुग्णालयातून घरी गेलेले. दोन, मृत्यूऐवजी आत्महत्येचे विचार, प्रयत्न, इमर्जन्सीत दाखल होणं, उपचार सुरू ठेवणं अशा गोष्टी मोजायच्या. हे मार्ग व्यवहार्य आहेत. पण विचार कमी झाले म्हणजे मृत्यू कमी होतीलच, हे गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण नैतिक आहे. धोक्यात असलेल्या माणसाला 'तू तुलनेच्या गटात आहेस, तुला मदत नाही' असं सांगता येत नाही. त्यामुळे तुलनेच्या गटालाही नेहमीचे उपचार, हेल्पलाइनचा नंबर आणि गरज पडल्यास तातडीची मदत द्यावीच लागते. साहजिकच दोन गटांतला फरक आणखी कमी दिसतो. शिवाय ऑनलाइन प्रश्नावलीत कुणी रात्री दोन वाजता 'हो, आज विचार येतोय' असं भरलं, तर ते लगेच कुणाच्या नजरेला पडणार, हे चाचणीच्या आधीच ठरवावं लागतं. उत्तर सकाळी दहाला ऑफिस उघडल्यावर वाचणार असाल, तर तो प्रश्नच विचारू नये.

एका पत्रापासून मेसेजपर्यंत

या क्षेत्रातली सगळ्यात साधी कल्पना ५० वर्षांहून जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. तिथे त्यांना एक तरुणी नियमित पत्रं पाठवायची. आपली कुणीतरी आठवण ठेवतंय, एवढ्यानेही धीर येतो, हे त्यांच्या मनात राहिलं.

पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी याची रीतसर चाचणी घेतली. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहिलेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेले ८४३ लोक त्यांनी निवडले. निम्म्याच्या आसपास लोकांना पाच वर्षं वर्षातून किमान चार वेळा छोटं पत्र पाठवलं. पत्रात उपदेश नाही, अपॉइंटमेंटची आठवण नाही. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, इतकंच. पहिल्या दोन वर्षांत पत्र मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आजही महत्त्वाचा मानला जातो. कारण यात विचार किंवा प्रयत्न नाही, थेट मृत्यू मोजले होते.

पत्राच्या जागी मेसेज आला तर? सैन्यात ही चाचणी झाली. तीन लष्करी तळांवरचे ६५८ सैनिक आणि मरीन यात होते. सगळ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते आणि सगळ्यांचे उपचार सुरू होते. एका गटाला वर्षभरात ११ मेसेज गेले. सुरुवातीला लवकर, मग महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने आणि एक वाढदिवसाला.

२०१९ मध्ये निकाल आला तो संमिश्र होता. ज्या दोन गोष्टी मुख्य म्हणून मोजायच्या ठरल्या होत्या, म्हणजे वर्षाच्या शेवटी मनात असलेले विचार आणि रुग्णालयात न्यावं लागण्याचे प्रसंग, त्यात ठोस फरक पडला नाही. पण वर्षभरात एकदाही आत्महत्येचा विचार आला असं सांगणारे मेसेजच्या गटात ८० टक्के होते, दुसऱ्या गटात ८८ टक्के. आत्महत्येचा प्रयत्न केलेले ९ टक्के आणि १५ टक्के.

याला यश म्हणायचं का? इथे सावध राहावं लागतं. मुख्य कसोटीत नापास आणि दुय्यम कसोटीत पास असा निकाल असेल, तर तो आशादायक म्हणता येतो, सिद्ध म्हणता येत नाही. शिवाय वर्षाच्या शेवटी ७० टक्के लोकांशीच संपर्क होऊ शकला. उरलेल्यांचं काय झालं असेल? ऑनलाइन चाचण्यांचा हा कायमचा दुखरा भाग आहे. जे मधेच गळतात, त्यांच्यात सर्वाधिक त्रासात असलेलेही असू शकतात.

व्हीएने २०२० मध्ये पुन्हा कागदी पत्राकडे जाऊन ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली. हेल्पलाइनला फोन करणाऱ्या माजी सैनिकांना वर्षभरात नऊ पत्रं जाऊ लागली. पत्राखाली सही कुणाची असावी, डॉक्टरची की दुसऱ्या माजी सैनिकाची, याचीही तुलना केली. त्याने फरक पडला नाही. पत्रं सुरू झाल्यावर लोक उपचारांसाठी जास्त येऊ लागले. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण मात्र त्यामुळे घटल्याचं दिसलं नाही.

फोनमधली पेटी आणि कागदावरचा आराखडा

निराश झालेल्या रुग्णाला समुपदेशक कधी कधी एक पेटी तयार करायला सांगतात. मुलांचे फोटो, जुनं पत्र, आवडत्या गाण्याची सीडी असं जगावंसं वाटायला लावणारं काहीही त्यात ठेवायचं. अडचण एवढीच की संकट आलं त्या क्षणी पेटी घरी असते आणि माणूस रस्त्यावर. अमेरिकी संरक्षण खात्याने ही पेटी फोनमध्ये आणली. 'व्हर्च्युअल होप बॉक्स' हे ते ॲप. पोर्टलंडच्या व्हीए केंद्रात उपचार घेणाऱ्या ११८ माजी सैनिकांवर त्याची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये निकाल आला. नको असलेल्या विचारांना आणि भावनांना तोंड देता येतं, हा विश्वास ॲप वापरणाऱ्यांमध्ये वाढला. आत्महत्येच्या विचारांच्या तीव्रतेत मात्र दोन गटांमध्ये फरक आढळला नाही.

यापेक्षा ठोस पुरावा आहे तो 'सेफ्टी प्लॅन'चा. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तो तयार केला. रुग्ण आणि समुपदेशक एकत्र बसून तो लिहितात. माझी मनःस्थिती बिघडायला लागली हे मला कशावरून कळतं? तेव्हा मी एकटा काय करू शकतो? कुणाकडे जाऊ शकतो? कुणाला फोन करू? आणि घर सुरक्षित कसं ठेवू? व्हीएच्या नऊ इमर्जन्सी विभागांमधल्या १,६४० रुग्णांच्या अभ्यासात, हा आराखडा आणि नंतर फोनवरून विचारपूस मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती ४५ टक्क्यांनी कमी आढळल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट केले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. आता हा आराखडा ॲपमध्येही भरता येतो. पण या अभ्यासात ४५ टक्क्यांचा फरक आढळला तो माणसाने समोर बसून लिहून घेतलेल्या आणि पुन्हा फोन करून विचारलेल्या आराखड्याचा. ॲपने एकट्याने तो साधेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

'घर सुरक्षित ठेवणं' हा मुद्दा अमेरिकेत फार नाजूक आहे. २०२२ मध्ये माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी ७३.५ टक्के घटनांमध्ये बंदुकीचा वापर झाला होता. आत्महत्येची तीव्र ऊर्मी अनेकदा थोडाच वेळ टिकते. तेवढा वेळ शस्त्र कुलपात किंवा मित्राकडे असलं, तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. म्हणून चॅटवरचा समुपदेशकही याबद्दल थेट विचारतो.

संगणक धोका आधीच ओळखू शकतो का?

२०१३ मध्ये 'दुर्खीम प्रोजेक्ट' नावाचा एक प्रयोग गाजला. आत्महत्येचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे फ्रेंच विचारवंत एमिल दुर्खीम यांचं नाव त्याला दिलं होतं. माजी सैनिकांनी स्वतःहून परवानगी द्यायची आणि संगणकाने त्यांच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट वाचून धोका ओळखायला शिकायचं, अशी कल्पना. त्याआधी याच गटाने डॉक्टरांच्या नोंदींमधल्या शब्दांवरून अंदाज बांधून पाहिला होता. अचूकता ६५ टक्के किंवा थोडी जास्त आली. ऐकायला बरी वाटते, पण याचा अर्थ तीनपैकी एक अंदाज चुकीचा.

प्रत्यक्षात वापरात आलं ते 'रीच व्हेट'. व्हीएने २०१७ मध्ये देशभर सुरू केलेली ही पद्धत रुग्णांच्या नोंदींमधले ६१ घटक तपासते आणि प्रत्येक केंद्रातले सर्वाधिक धोका असलेले ०.१ टक्के रुग्ण निवडते. मग डॉक्टर त्यांना फोन करतात. २०२१ च्या अभ्यासानुसार, अशा रुग्णांचं उपचारांसाठी येणं वाढलं, रुग्णालयात दाखल होणं आणि आत्महत्येचे नोंदवलेले प्रयत्न कमी झाले. मृत्यूदरात मात्र फरक दिसला नाही.

या पद्धतीवर टीकाही झाली. जुन्या हिशेबात वंशाचा घटक होता, पण सैन्यात झालेल्या लैंगिक अत्याचाराचा नव्हता. त्यामुळे स्त्रिया मागे पडतात, असा आक्षेप होता. नव्या आवृत्तीत हे बदललं. हिशेब संगणकाचा असला तरी त्यात काय धरायचं आणि काय सोडायचं, हे माणूसच ठरवतो.

यंत्रणाच चुकते तेव्हा

२०१६ मध्ये व्हीएच्या महानिरीक्षकांनी दाखवून दिलं की, हेल्पलाइनचे काही फोन राखीव केंद्रांकडे वळवले जात होते आणि तिथे काहींना व्हॉइसमेल ऐकू येत होता. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा केला. त्याचं नावच आहे, 'व्हेटरन्स क्रायसिस लाइनचा एकही फोन अनुत्तरित राहता कामा नये'. अटलांटामध्ये दुसरं आणि २०१८ मध्ये टोपेकात तिसरं केंद्र सुरू झालं.

पण उत्तर येणं आणि योग्य उत्तर येणं यात अंतर आहे. २०२१ मध्ये टेक्सासमधल्या एका माजी सैनिकाने हेल्पलाइनला मेसेज केला. उत्तर मिळालं, बोलणं झालं. बोलणं संपल्यावर तासाभरात त्याचा आत्महत्येने मृत्यू झाला. २०२३ च्या महानिरीक्षकांच्या अहवालानुसार, धोका किती आहे हे नीट विचारलं गेलं नाही आणि घर सुरक्षित करण्यासाठी पुरेसं केलं गेलं नाही. मेसेजवर आवाजाचा कंप ऐकू येत नाही, रडणं ऐकू येत नाही. 'मी ठीक आहे' हे तीन शब्द स्क्रीनवर नेहमी सारखेच दिसतात. म्हणून ऑनलाइन मदतीच्या चाचणीत 'किती सेकंदांत उत्तर दिलं' याबरोबर 'काय विचारलं' हेही मोजावं लागतं.

मग हाती काय लागलं?

आतापर्यंतच्या चाचण्यांमधून थोडक्यात तीन गोष्टी कळतात. एक, ऑनलाइन साधनं लोकांना उपचारांपर्यंत आणण्यात आणि कठीण क्षण निभावून नेण्यात मदत करू शकतात. दोन, केवळ ॲपमुळे आत्महत्येने होणारे मृत्यू घटतात, असं या चाचण्यांमधून सिद्ध झालेलं नाही. तीन, जिथे परिणाम ठळक दिसला, तिथे मागे एखादा माणूस होता. पत्र लिहिणारा, पुन्हा फोन करणारा, आराखडा एकत्र भरणारा.

आणि ऑनलाइन मदतीचं शेवटचं टोक ऑफलाइनच असतं. २०२३ च्या जानेवारीपासून आत्महत्येच्या संकटातल्या माजी सैनिकाला कोणत्याही रुग्णालयात मोफत तातडीचे उपचार मिळण्याची सोय अमेरिकेत झाली. दाखल राहण्याचे ३० दिवस आणि नंतरचे ९० दिवसांपर्यंतचे उपचार त्यात येतात. चॅटवर 'दवाखान्यात जा' असं सांगायचं, तर दवाखान्याचा दरवाजा उघडा असावा लागतो.

भारतात काय आहे?

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय हेल्पलाइन सुरू केली. तिच्या अंतर्गत सैन्यदलांसाठीचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीमध्ये, प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांना तिथे लष्करी जीवनाची जाण असलेल्या लोकांशी बोलता यावं, हा त्यामागचा हेतू. सातारा, कोल्हापूर, सांगलीसारख्या जिल्ह्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात जातात आणि ऐन उमेदीत निवृत्त होऊन गावी परततात. अमेरिकेचा अनुभव इथे कामाचा आहे. सेवा सुरू करताना तिची परीक्षा कशी घेणार, हेही ठरवायला हवं. किती फोन आले हे सांगणं सोपं असतं. फोन करणाऱ्याचं पुढे काय झालं, हे कुणीतरी विचारायला लागतं.

*मदत हवी असेल तर : तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतून बोलता येतं. अमेरिकेत असाल तर ९८८ फिरवा, माजी सैनिकांनी त्यानंतर १ दाबावं. ओळखीच्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर त्याला थेट विचारा. विचारल्याने मनात नसलेला विचार रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते.*